डाव्या सीटखालचं पाणी

उर्वेचं पत्र ऑक्टोबरात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

उर्वे माझी एकुलती एक मुलगी. ती पलीकडे, हाप्सालूला राहते; मी इकडे हिउमा बेटावर. मध्ये समुद्र. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायची, हे तिचं काम. त्या उन्हाळ्यात तिचा नवरा तिला सोडून गेला आणि जाताना गाडी घेऊन गेला. 'आईची गाडी तुम्ही चालवत नाही, नुसती दुरुस्त करत बसता,' तिनं लिहिलं होतं. 'ती मला द्याल का? मला खरंच गरज आहे. फोनवर विचारलं तर तुम्ही घसा खाकरत बसाल, म्हणून लिहिते आहे. यंदा बर्फाचा रस्ता सुरू झाला, तर मी आणि ब्रिता येऊ आणि गाडी घेऊन जाऊ. ब्रितानं तो रस्ता अजून पाहिलेला नाही.'

ब्रिता माझी नात. चार वर्षांची.

माझं उत्तर 'हो' असंच होतं. पण गाडी द्यायची तर नीट करून द्यावी, असं मला वाटलं. मी सगळीच कामं अशी लांबवतो. जन्मभर ग्रंथालयात बसून इतरांना पुस्तकं काढून दिली. स्वतः ठामपणे काही बोलायची वेळ क्वचितच आली, आणि आली तेव्हा ती मी घालवली.

गाडी तीस वर्षांची, निळी, मागे लांब डिकी असलेली. लेइदानं, माझ्या बायकोनं, ती घेतली आणि शेवटपर्यंत तिनंच चालवली. मला गाडी चालवायची भीती वाटते. खोलायची वाटत नाही. दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक मिळवून मी ती पानापानानं शिकलो. गॅरेजच्या जमिनीत खड्डा खणून घेतला आहे, त्यात उतरलं की गाडीचं पोट डोक्यावर येतं. लेइदा वरून विचारायची, "जिवंत आहात ना?" ती दवाखान्यात गेली, परत आली नाही, त्यानंतरही मी तेल बदलत राहिलो.

पत्र आलं त्या आठवड्यात पुढच्या डाव्या, म्हणजे चालकाच्या, सीटखालचा गालिचा ओला लागला.

जुन्या गाडीत पाणी शिरणं यात नवल काही नाही. वाटा ठरलेल्या असतात. पुढच्या काचेचं रबर कडक होतं. वायपरखालच्या पन्हळीत पानं अडकतात. दाराच्या आतलं प्लॅस्टिक सुटतं. नाहीतर हीटरला गळती लागते, आणि ती ओळखायची सोपी खूण म्हणजे जिभेला एक थेंब लावून लगेच थुंकायचं. इंजिनातलं पाणी गोडसर लागतं. पावसाचं बेचव असतं.

मी पन्हळीतून मूठभर बर्चची पानं काढली. काचेचं रबर बदललं. प्लॅस्टिक नवीन चिकटवलं. गालिचा काढून चुलीशेजारी दोरीवर वाळवला, परत अंथरला. अंगणात गाडीवर बादल्याच्या बादल्या ओतल्या. आत एक थेंब आला नाही. समाधानानं गाडी गॅरेजात घेतली आणि कुलूप लावलं.

सकाळी गालिचा पिळून निघेल इतका ओला होता.

मी बोट लावून चाखलं. गोड नव्हतं. बेचवही नव्हतं.

दुपारी काल्यो आला. आमच्या फेरीबोटीवर त्यानं उमर काढली. आता धुरावलेले मासे वाटत फिरतो आणि सगळ्यांची टिंगल करतो.

"काय पंडित, कुठल्या पानावर अडलायस?"

"पाणी येतंय. कुठून ते कळत नाही."

"गाडी तीस वर्षांची झाली रे. या वयात माझंही थांबत नाही."

"जरा चाखून बघ."

"बायकोची कॉफी पिऊन आलोय, त्यापेक्षा वाईट काय असणार?" त्यानं वाकून गालिच्यावर बोट दाबलं आणि जिभेला लावलं. पुढचा विनोद त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. तो बाहेर पडला नाही. त्यानं बोट पँटला पुसलं, आणि पुसतच राहिला.

"रस्त्यावर मीठ टाकतात ना," तो म्हणाला, "ते बुटाला लागून येतं."

"अजून बर्फच पडलेला नाही, काल्यो."

"मग दुसरं काही असेल." मासे त्यानं ओट्यावर ठेवले आणि कॉफीला न थांबता गेला. वीस वर्षांत तो कधी कॉफीला थांबला नाही असं झालेलं नाही.

नोव्हेंबरात सीटबेल्टचं सुरू झालं.

एका सकाळी चालकाच्या सीटचा बेल्ट लावलेला होता. मी वाळवताना लावला असेन, असं म्हणालो. माझा स्वतःवर फारसा विश्वास नाही, त्यामुळे असं म्हणणं मला जड गेलं नाही. पण बकलचं लाल बटण दाबलं तर बेल्ट सुटेना. मी बकल खोलून बाहेर काढलं, टेबलावर दिव्याखाली तपासलं. स्प्रिंग ठीक, खाच स्वच्छ, गंज नाही. टेबलावर ते दर वेळी टिचकीसरशी उघडलं. गाडीत परत बसवलं आणि सकाळी पाहिलं, तर पुन्हा लागलेलं, पुन्हा अडकलेलं. पट्टा खालून भिजलेला होता. सीटच्या पाठीवर पाण्याची एक सरळ रेघ उमटली होती, कुणाच्या कमरेइतक्या उंचीवर.

मी झोपेत उठून हे करत असेन का? गॅरेजच्या दाराला मी कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. सकाळी पट्टी अखंड होती. आत रेघ खांद्यापर्यंत चढली होती.

त्यानंतर मागचा बेल्ट. तो नुसता लावलेला नव्हता. आखूड करून, अगदी शेवटपर्यंत ओढून लावला होता. एखाद्या लहान अंगाला बसेल इतका.



आमच्याकडे थंडी कडक पडली की समुद्र गोठतो, आणि बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावर फांद्या रोवून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत रस्ता आखतात. लोक बोट सोडून गाडीनं जातात. दर वर्षी हे होत नाही. त्या रस्त्यावर सीटबेल्ट लावायचा नसतो. बर्फ फुटलाच तर दार उघडून बाहेर पडता यावं म्हणून. इथल्या पोरांना हे बोलता येण्याआधी कळतं. उर्वेला तर तिच्या आईनं दर वेळी दटावून सांगितलेलं.

डिसेंबरात मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं.

"आजोबा, ही तर मस्त चालतेय! विका ना कुणाला."

"चेपायची आहे. माझ्यासमोर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मी त्याच्या ट्रकमधून बोटीनं पलीकडे गेलो आणि ती निळी गाडी चपटी होईपर्यंत उभा राहिलो. तिच्यातून पाणी मात्र निघालं नाही. एक थेंबही नाही.

परतीच्या बोटीवरून उर्वेला फोन केला.

"गाडी मोडीत काढली."

"आईची?"

"हो."

"मी मागितली होती ना, बाबा?"

मी घसा खाकरला. तिनं फोन ठेवला. नाताळात तिचा फोन आला नाही.

मला त्याचं दुःख झालं, पण सहन करता येईल असं. रिकामं गॅरेज कोरडं होतं. मुलगी रागावलेली का होईना, पण आहे, असं मी स्वतःला सांगत असे आणि त्यावर झोप लागत असे. जानेवारीत पारा घसरला. झाडं रात्री फटाफट तडकू लागली. फेब्रुवारीच्या एका बुधवारी रेडिओवर सांगितलं की बर्फाचा रस्ता सुरू झाला.

त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, मीच बोलते, तुम्ही नुसतं ऐका." उर्वेचा आवाज पूर्वीसारखा, घाईचा होता. "किती दिवस रुसून बसायचं? शनिवारी आम्ही दोघी येतोय. बर्फावरून! ब्रिता आत्तापासून टोपी घालून बसलीय."

"कशानं येणार?"

"गाडीनं. घेतली ना मी एक. कामावरच्या बाईची होती, जुनी आहे, पण पळते छान. हां, त्यावरूनच विचारायचंय. माझ्या सीटखालचा गालिचा ओला होतोय. मी पानं काढली, तुम्ही काढायचात तशी. रबरही ठीक दिसतंय. आणखी काय बघू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? आणि मागच्या बेल्टचं बकल अडकतंय. रोज सकाळी लावलेलंच सापडतं, ब्रिताचे उद्योग, दुसरं काय. म्हणते, मी नाही केलं. कुठलं तेल घालू त्यात?"

"बोटीनं या."

"काय?"

"बोटीनं या, उर्वे. गाडी तिकडेच ठेव."

"बर्फाचा रस्ता सुरू असताना बोटीनं? का?"

"जुनी गाडी आहे."

"जुनी गाडी!" ती हसली, मग तिचं हसू थांबलं. "एक कारण सांगा. एकच, नीट. गाडी दिली नाहीत, का ते सांगितलं नाहीत. पत्राचं उत्तर दिलं नाहीत. आता म्हणता अशा या, तशा या. तुम्हाला आम्ही यायला हवंय की नकोय?"

"मी लिहून कळवतो."

"लिहा," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत जमलं तर."

रात्रभर टेबलाशी बसलो. खरं ते सगळं लिहिलं: रेघ, कागदाची पट्टी, आखूड केलेला बेल्ट. वाचून पाहिलं. हे वाचून कुठलीही मुलगी एवढंच म्हणेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, आणि शनिवारची वाट न बघता निघेल. उर्वे तर नक्कीच. आजाऱ्यांकडे धावणं हेच तिचं काम.

कागद चुलीत घातला.

तिला थांबवेल असं एकच काही मला सुचलं. ते फोनवर बोलता आलं नसतं. माझ्या आवाजातलं खोटं ती लगेच ओळखते. अक्षरातलं नाही.

'उर्वे, तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राचं हे उत्तर. गाडी दिली नाही, कारण तू ती सांभाळली नसतीस. तुला काहीच सांभाळता येत नाही, नवराही नाही. शनिवारी येऊ नकोस. मला तुम्ही दोघी इथं नको आहात.'

खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याची मला लाज वाटली.

गुरुवारी सकाळी दुकानापर्यंत चालत गेलो. श्वास मफलरवर गोठत होता. आजचं टपाल शुक्रवारी दुपारी हाप्सालूला पोचतं, हे मी दुकानातल्या बाईला विचारून घेतलं, दोनदा. बाहेर काल्यो त्याची ढकलगाडी लावून उभा होता.

"काय पंडित, शनिवारी पाहुणे म्हणे! उर्वेनं मासे राखून ठेवायला फोन केला होता." त्यानं माझ्या हातातलं पाकीट पाहिलं, वरचं नाव वाचलं. "अरे, ती येतेच आहे ना? मग पत्र कशाला?"

त्यानं माझा चेहरा पाहिला. गॅरेजात बोट पुसताना झाला होता, तसाच त्याचा चेहरा झाला. मग तो गाडी ढकलत निघून गेला, मागे वळला नाही.

टपालाची नारिंगी पेटी भिंतीवर होती. तिच्या कडांवर बर्फाचे खडे धरले होते, झाकण मला ठोकून सैल करावं लागलं. मी पाकीट आत सरकवलं. माझ्या मुलीच्या मनातून मी कायमचा उतरणार होतो, आणि त्या क्षणी मला जवळजवळ आनंद झाला.

मी पाकीट सोडलं.

पेटी रिकामी असेल तर पत्र पत्र्यावर आपटतं. भरलेली असेल तर कागदावर कागद घसरतो.

मला ऐकू आला तो आवाज मऊ होता. खोल पाण्यात काही पडावं तसा.

मी कान लावला. आतून बुडबुडे वर येत होते, एकेक. मग तेही थांबले.