थेंबाची वाट

रॉनी ग्रगुरिचचं काम ऐकून लोकांना हसू यायचं. मोंटानातल्या ब्यूट गावच्या फूटपाथांच्या कोपऱ्यांना ती उतार काढायची, आणि तेही फावड्याने नव्हे, संगणकावर. फूटपाथ संपतो तिथे वीतभर उंचीची कड असते. धडधाकट माणसाला ती दिसतसुद्धा नाही, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मात्र ती भिंतच. ती कड कापून रस्त्याला मिळणारा रॅम्प बसवायचा. तो बारा फुटांना एक फूट यापेक्षा जास्त तिरका चालत नाही. वर खुर्ची वळवायला सपाट जागा हवी, खाली अंध माणसाच्या पायाला कळेल अशी उंचवट्यांची फरशी हवी. अख्खं गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं, त्यामुळे एक बाजू जमवली की दुसरी बिघडायची. रॉनी चिवट होती, जमेपर्यंत उठायची नाही.

सगळं जमलं की शेवटी थेंब सोडायचा. त्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच आहे. पडद्यावरच्या जमिनीच्या नमुन्यावर कुठेही टिचकी मारा, तिथे पडलेला पाण्याचा थेंब कसा वाहत जाईल त्याची निळी रेघ पडद्यावर उमटते. रेघ रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत उतरली की काम चोख. नाहीतर रॅम्पवर पाणी साचतं, मोंटानाच्या थंडीत त्याचा बर्फ होतो आणि पहिल्याच हिवाळ्यात कुणाचं तरी हाड मोडतं.

यंदाच्या कामात एक कोपरा तिच्या स्वतःच्या घराचा होता. त्या घरात ती आणि तिचे वडील आंते, दोघंच. आंते ऐंशीच्या घरातले. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे पाय गेले ते गेलेच, जीभ मात्र शाबूत राहिली होती. चौकापलीकडे मॅजची खानावळ होती. तिथे त्यांचे उरलेसुरले दोस्त रोज सकाळी कॉफी आणि मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी घेऊन बसत. मागच्या हिवाळ्यात आंते एकटेच निघाले, कडेवरून खुर्ची मागच्या मागे उतरवायला गेले आणि खुर्चीसकट उलथले. कुणा परक्या ट्रकवाल्याने त्यांना पोत्यासारखं उचलून घरी आणलं. त्यानंतर ते एकटे बाहेर पडले नाहीत. खिडकीशी बसून मॅजचं दार उघडताना आणि मिटताना बघत राहायचे.

म्हणून हा कोपरा तिने सगळ्यात मन लावून केला. टळटळीत दुपारी, ऑफिसात सगळे आपापल्या जागी असताना, तिने रॅम्पवर टिचकी मारली.

रेघ वर गेली.

जाळी खाली, दक्षिणेला होती. रेघ रस्ता ओलांडून चढाने निघाली आणि पूर्वेकडे वळली. रॉनीने रेघ पुसली, पुन्हा टिचकी मारली. तीच रेघ. शेजारच्या कोपऱ्यावर मारली, ती निमूट जाळीत गेली.

जमिनीची मोजणी ओवेन ट्रेगेंझाने केली होती. ती त्याच्या टेबलाशी गेली.

"ओवेन, आमचा कोपरा मोजताना घेतली होतीस का?"

"घेतली असती तर मोजणी बरोबर आली असती," तो म्हणाला. पण रेघ पाहिल्यावर त्याने टोपी उचलली आणि जाऊन कोपरा पुन्हा मोजून आला. आकडे तेच होते. तो आकडे देऊन गेला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मी बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं, रॉनी. खालीच गेलं. जाळीकडे."

"मग झालं तर."

"माझी पेन्सिल पडली." त्याने ती खिशातून काढून दाखवली. "ती वर गेली. घरंगळत. मला धावून धरावी लागली."

"वारा असेल."

"असेल," ओवेन म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावरून वारा नव्हता हे कळत होतं.

रॉनीने पडद्यावरचा नमुना लहान करून पाहिला. मोजलेली जमीन जिथे संपते तिथे थेंब थांबतो. पुढे जमीनच नाही, तर वाहणार कशावर? ही रेघ थांबली नव्हती. काळ्या रिकाम्या पडद्यावर ती डावीकडे वळली होती, मग उजवीकडे, मग थोडी सरळ जाऊन एका बिंदूशी थबकली होती. रॉनीने त्या बिंदूची उंची विचारली. संगणकाने ती दिली. आकडा तिने पुन्हा पुन्हा वाचला. कारण पूर्वेला त्या अंतरावर तांब्याच्या खाणीचा खड्डा आहे. त्या उंचीवर तिथे आता नुसती हवा आहे, आणि हवेच्या कितीतरी खाली लालसर पाणी.

खड्डा होण्याआधी मात्र तिथे मॅकक्वीन नावाची वस्ती होती. घरं, चर्च, भाजीचे वाफे. आंते तिथेच जन्मले. खाण पसरत गेली, वस्ती उठली, आणि तेव्हा खाणीचा ट्रक चालवणाऱ्या आंतेंनी स्वतःच्या अंगणाची माती स्वतःच वाहून नेली. ते ही गोष्ट विनोद म्हणून सांगत. हसत मात्र कुणीच नसे.

रॉनीने त्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण रविवारी जेवताना त्यांनीच भुणभुण लावली, "माझा रॅम्प दाखव की. का जावयाला दाखवणार आहेस? तोही नाही आपल्याकडे." तिने हसत लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. रेघ पुसायची राहून गेली होती.

आंतेंनी रॅम्पकडे पाहिलंच नाही. त्यांचं बोट निळ्या रेघेवरून हळूहळू सरकू लागलं.

"इथून वर. हा बेकरीचा कोपरा. मग चर्च." बोट वळलं. "इथे स्टिमॅट्झचा कुत्रा अंगावर यायचा." बोट सरळ गेलं आणि बिंदूपाशी थांबलं. "आणि हे आमचं फाटक. तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही, बाबा. संगणकाची चूक आहे ती."

"चूक," आंते म्हणाले. जेवण संपेपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी रॉनीने तो कोपरा कामातून काढून टाकला. चढ फार, रॅम्प शक्य नाही, असं कारण दिलं. ते कारण खोटं होतं आणि तिला त्याची कायम लाज वाटत राहिली असती. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. कामगार आले, पलीकडचे तिन्ही कोपरे फोडले, हाच ठेवला. आंते खिडकीतून सगळं बघत होते.

संध्याकाळी ते म्हणाले, "सगळ्या गावाला उतार आणि बापाला पायरी?"

"बाबा, तसं नाही..."

"मला कोंडून ठेवायचं तर कुलूप लाव. निदान ते सरळ दिसेल तरी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. खालचा ओठ थरथरत होता. आईच्या अंत्यविधीलासुद्धा तो ओठ थरथरला नव्हता. रॉनी स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि सकाळी तिने कोपरा परत कामात घातला. ती शिकलेली बाई होती. पाणी उताराकडेच जातं, एवढ्यावर तिने आयुष्यभर पगार घेतला होता.

रॅम्प झाला. काँक्रीट सुकल्यावर तिने पातळी मोजून पाहिली, बाटलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीत गेलं. चेंडू सोडला, तोही जाळीकडेच गेला. आंते उतरले, रस्ता ओलांडून मॅजकडे गेले आणि मिशीला रस्सा लावून परत आले. दोस्तांनी त्यांना टाळ्या वाजवून आत घेतलं होतं म्हणे.

"खुर्चीच्या त्या पट्ट्यांना तेल दे जरा," त्यांनी आल्या आल्या हुकूम सोडला.

खुर्चीच्या पाय ठेवायच्या दोन पट्ट्या वर दुमडता येतात. दवाखान्यातल्या बाईने शिकवलं होतं: आधी दोन्ही ब्रेक, मग दोन्ही पट्ट्या वर, आणि मगच उभं राहायचं, नाहीतर माणूस तोंडावर आपटतो. तेव्हा उभं राहायची आशा होती. पुढे ती गेली, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पट्ट्यांच्या बिजागऱ्या गंजून गच्च झाल्या. आंते फळीवरून सरकत खाटेवर जात, त्यांना पट्ट्या दुमडायची गरजच नव्हती. रॉनीने तेल सोडलं, हातोडीने ठोकलं. एकही हलली नाही.

"आता कशाला हव्यात तुम्हाला?"

"असू दे. विचारलं आपलं."

तो उन्हाळा सुखाचा गेला. रोज सकाळी खुर्ची जायची, दुपारी यायची. रॉनीने निळ्या रेघेचा विचार सोडून दिला.

सप्टेंबरातल्या एका लख्ख सकाळी आंते पांढरा शर्ट आणि टाय घालून तयार झाले. दाढी गुळगुळीत.

"मॅजच्या पेस्टीसाठी टाय?" रॉनीने विचारलं.

"पेस्टीसाठी नाही." त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत. "छान केलंस हो, पोरी. अगदी बरोबर उतार काढलास."

ते गेले. ती खिडकीशी आली.

खुर्ची रॅम्प उतरली. उंचवट्यांच्या फरशीवर जराशी खडखडली. मग मॅजच्या दाराकडे न जाता चढाकडे वळली.

आंतेंनी चाकांवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

खुर्ची चालली. वर, चढाने, एकाच संथ गतीने. त्यांनी मागे पाहिलं नाही.

रॉनी धावली. हाका मारत धावली. चढावर तिला धाप लागली, खुर्चीला मात्र चढ नव्हताच. खुर्ची पूर्वेकडे वळली. रॉनी वळणावर पोचली तेव्हा रस्ता रिकामा होता.

पुढची वळणं तिला पाठ होती. डावीकडे, जिथवर रस्ता उरला होता तिथवर. मग गवतातून, जिथवर गवत होतं तिथवर.

गवत संपलं तिथे खाणीचं कुंपण होतं. तारेची जाळी, माणसापेक्षा उंच. कुठेही फाटलेली नाही, कुठेही वाकलेली नाही. पलीकडे हवा.

खुर्ची जाळीला टेकून उभी होती, तोंड खड्ड्याकडे. बैठक अजून उबदार होती.

दोन्ही ब्रेक लावलेले होते.

दोन्ही पट्ट्या वर दुमडलेल्या होत्या.