फक्कीचा रिकामा चौकोन

"ताई, ब्रेक! ब्रेक! ब्रेऽऽक!"

भैरवीने डोळे घट्ट मिटून घेतले. पट्टा छातीत रुतला, हेल्मेट दाणकन दारावर आपटलं आणि सकाळचे पोहे थेट गळ्यापर्यंत येऊन परत गेले. लाल गाडी थांबली. मागून आलेला धुळीचा लोट मात्र न थांबता पुढे निघून गेला.

"उघड आता डोळे," क्रांतीताई म्हणाली. "थांबलोय आपण."

"तू थांबली असशील! माझं पोट अजून मागच्या वळणावर आहे!"

ताई हसली. मग तिने हातमोजा काढून आपला हात भैरवीच्या हातावर ठेवला. मे महिन्याच्या त्या उन्हात तो हात बर्फासारखा गार होता.

"कुणाला सांगू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "उद्या जमेल ना गं मला?"

भैरवीने मान डोलावली खरी, पण तो गार हात तिने काही सोडला नाही.

क्रांतीताई म्हणजे तिची मामेबहीण. इंजिनिअरिंगला होती आणि उद्या आयुष्यातली पहिली ऑटोक्रॉस पळवणार होती. ऑटोक्रॉस म्हणजे एका वेळी एकच गाडी. रस्त्याच्या कामावर असतात तसले केशरी कोन मांडून वाट आखायची, त्यातून नागमोडी गाडी काढायची आणि कमीत कमी वेळात शेवटचं फाटक, म्हणजे शेवटचे दोन कोन, गाठायचं. कोन उडाला की वेळ वाढला! ही दोन सीटांची बुटकी स्पोर्ट्स कार जोतीराममामांनी भंगारातून आणून, रविवार-रविवार खपून उभी केली होती. स्पर्धा होती शिरोळकडच्या एका साखर कारखान्याच्या आवारात. हंगाम संपल्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांचं ते भलंमोठं मैदान मोकळंच पडलं होतं.

कोल्हापुरातून सुट्टीला आलेली भैरवी, तिचा धाकटा भाऊ अर्णव आणि ताईचा भाऊ यशराज, असे तिघेही शेवटच्या वळणाचे निशाणवाले झाले होते. वळणावर उभं राहायचं, पडलेला कोन उचलून जागेवर ठेवायचा आणि धोका दिसला की लाल निशाण वर करायचं. तिघांत निशाण एकच, तेही भैरवीच्या हातात. लाल दिसलं की गाडीने असेल तिथे थांबायचं! मग त्या गाडीला नवी फेरी मिळायची.

पण सरावातच भैरवीची फजिती झाली. वाटेवर काहीतरी काळं सरपटताना दिसलं, तिला वाटलं कुत्र्याचं पिल्लू. तिने निशाण वर केलं, भरधाव गाडी करकचून थांबली, आणि पिल्लू वाऱ्याने उडून गेलं. कॅरीबॅग होती ती!

सगळं मैदान हसलं. स्पर्धा भरवणारे बाळासोकाका तर ओरडलेच, "आगं ए कॅरीबॅग भैरवी! उद्या उगंच निशाण वर केलंस तर घरी धाडीन बघ!"

तेव्हापासून ते निशाण तिला मणभर जड वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी जोतीराममामांनी तिघांना मैदानाच्या टोकाला नेलं. तिथे गंजक्या तारेचं कुंपण होतं आणि तेही मधेच लोळलेलं. पलीकडे सपाट, धुळकट जमीन.

"जमीन हाय व्हय ही?" मामांनी विचारलं.

"आहे की," अर्णव म्हणाला.

मामांनी एक धोंडा उचलून टाकला. वरची साय फुटली, आत काळंभोर काहीतरी हललं आणि... गुळुक्! धोंडा दिसेनासा झाला. आंबट-गोड वासाने तिघांनी नाकं दाबली.

"मळीचा खड्डा. कारखान्याची मळी साठवत्यात हितं. वरनं वाळून कडक दिसती, आत नुसतं पातळ. बैल गेला तर शिंगंबी दिसायची न्हाईत. म्हणून आपलं शेवटचं फाटक तिकडं, वजनकाट्याजवळ. फाटकापातुर गाडी फुल्ल पळती, थांबायला पुढं मैदान लागतंय की!"

मग त्यांनी प्रत्येक कोनाभोवती फक्कीचा पांढरा चौकोन आखून घेतला, कबड्डीचं मैदान आखतात तसा. कोन उडाला तरी जागा चुकायला नको! वजनकाट्याजवळच्या शेवटच्या दोन कोनांचे चौकोन भैरवीने स्वतःच्या हाताने आखले. सगळे चालक त्या वाटेवरून पायी फिरून वळणं पाठ करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या जागेवर आली आणि थबकलीच.

वजनकाट्याजवळ फक्कीचे दोन चौकोन होते. तिनेच आखलेले. पण त्यांत कोन नव्हते!

"अर्ण्याऽ! यश्याऽ! इकडे या!"

दोघे पळत आले. अर्णवचे डोळे वाटीएवढे झाले. "भुताटकी!"

"भूत कोन कशाला चोरंल लेका? त्याला काय गाडी शिकायची हाय?" यशराज म्हणाला खरा, पण आवाज त्याचाही बारीक झाला होता.

भैरवी खाली वाकली. मुरमात फरपटत नेल्याच्या दोन रेघा उमटल्या होत्या, सरळ मैदानाच्या टोकाकडे. तिघे त्या रेघांवरून चालत निघाले. पुढे, आणखी पुढे... आणि रेघा संपल्या तिथे ते दोन कोन उभे! बुडाला फक्की लागलेली, एकाला सुतळी अडकलेली. आजूबाजूला चौकोनाचा पत्ता नाही. आणि समोर, अगदी समोर, ते लोळलेलं कुंपण.

भैरवी दोन पावलं मागे सरकली.

"कुणीतरी मुद्दाम केलंय," अर्णव कुजबुजला. "ताई हरावी म्हणून!"

"ही सुतळी बघ." भैरवीने मान वर केली. शेजारीच चिंचेच्या सावलीत नवाकोरा मंडप उभा होता. लाल गालिचा, सोफा आणि ताटात रचलेले फेटे. काल इथे काहीच नव्हतं!

मंडपाचं दार बांधायला बाळासोकाका स्वतः शिडीवर चढले होते.

"काका, शेवटचे कोन कुणी हलवले?"

"मीच की!" काका शिडीवरूनच म्हणाले. "नृसिंह वस्ताद येणार हाईत बक्षिसं द्यायला. पावण्यास्नी शेवट दिसाय नको व्हय? सोफ्यावर बसून काय वजनकाटा बघत बसत्यात?"

"पण पुढे मळीचा खड्डा आहे! गाड्या थांबणार कुठे?"

"गाडीला ब्रेक हाय का न्हाय? आगं, वायच पुढं घेतलंय. चल, जागेवर जा. आन् आज कॅरीबॅगा मोजू नकोस!"

"मंडप मागे घ्या ना मग!"

"सावली मागं न्हेऊ व्हय, चिंचंसकट?" काका हसले.

भूतही नव्हतं आणि शत्रूही नव्हता. नुसता एक सोफा होता! भैरवीला त्याचीच जास्त भीती वाटली. भूत असतं तर मोठी माणसं निदान घाबरली तरी असती.

मामांना गाठायला हवं होतं. पण ते मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, सुरुवातीच्या रेषेपाशी गाड्या तपासत होते. अर्णव तिकडे धूम पळाला, तोवर हलगी कडाडली, वस्ताद आले आणि पहिली गाडी सुटलीसुद्धा! अर्णवला दोरीबाहेरच अडवलं. "गाडी सुटली, आता आत यायचं न्हाई!"

पहिली गाडी रोजच्या वापरातली साधीच होती, चालवणाराही मुरलेला. तरी फाटक ओलांडून ती घसरत, घसरत कुंपणाच्या अलीकडे जेमतेम थांबली. मंडपात मात्र टाळ्या पडल्या! "काय ब्रेक मारला गड्यानं!"

दुसरीचा पुढचा टायर तारेला लागला. आणखी टाळ्या!

"यांना दिसत कसं नाही?" भैरवी पुटपुटली.

"त्यांस्नी गाडी दिसती. खड्डा धुळीखाली हाय," यशराज म्हणाला. "आता ताईचा नंबर. ही गाडी त्या दोघींच्या दुप्पट पळती, भैरे."

तेवढ्यात वस्तादांना धुळीचा ठसका लागला. बाळासोकाकांनी लगेच हात केला. पाण्याचा टँकर फुसफुसत आला आणि मंडपापुढच्या मुरमावर भरभरून पाणी शिंपून गेला. फाटकापासून कुंपणापर्यंत सगळी जमीन चकाकायला लागली.

भैरवीने त्या जमिनीवर पाय ठेवला. सर्रकन घसरला!

आता मात्र ती मंडपाकडे पळत सुटली. "काका, शर्यत थांबवा! सगळं निसरडं झालंय! नाहीतर मी लाल निशाण—"

"आण ते निशाण हिकडं!" काकांनी निशाण हातातून ओढूनच घेतलं. "पावण्यांफुडं शोभा करतीस व्हय? गप बस हितं!"

आणि दूर, मैदानाच्या त्या टोकाला, लाल गाडीचं इंजिन गरजलं.

भैरवीच्या कानांत आता फक्त तोच आवाज राहिला. इंजिन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. पहिलं वळण... दुसरं... एक कोन उडाला. ताई वाट पाठ म्हणत असेल, बर्फासारख्या हातांनी चाक धरून. शेवटच्या वळणानंतर ती पाय दाबणार आणि फाटकापर्यंत उचलणारच नाही. कालच तर म्हणाली होती!

ओरडावंसं वाटत होतं. पण सगळे पुन्हा हसले तर? कॅरीबॅग भैरवी!

तेवढ्यात तिची नजर ताटावर गेली. सगळ्यात वर एक लालभडक फेटा होता.

तिने तो उचलला.

"ए पोरीऽऽ!"

ती पळत होती! चप्पल कधीच मागे राहिली होती, हातातला फेटा सुटून मागे फडफडत होता. "यश्या, टोक धर!" यशराजने धावता धावता टोक पकडलं. दोघे वजनकाट्याच्या लोखंडी चौथऱ्यावर चढले आणि तो लांबच्या लांब फेटा त्यांनी डोक्यावर ताणून धरला. वाऱ्याने तो शिडासारखा फुगला.

लाल गाडी शेवटच्या वळणातून बाहेर आली. सरळ झाली. इंजिन किंचाळलं.

"बघ ताई... बघ ना गं!"

गाडी येतच होती. क्षणभर भैरवीला वाटलं, संपलं. मग चाकं चिरकली, मागचा भाग एकदा इकडे, एकदा तिकडे झोकांडला आणि धुळीच्या ढगात सगळंच गडप झालं.

ढग विरला. गाडी थांबली होती. वजनकाट्याच्या थोडी पुढे, कोरड्या जमिनीवर. फक्कीचे रिकामे चौकोन तिच्या मागच्या चाकांपाशी होते.

क्रांतीताईने हेल्मेट काढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय झालं? पहिलीच फेरी होती गं माझी!"

भैरवीने कुंपणाकडे बोट केलं. सगळीकडून माणसं धावत आली. बाळासोकाका सगळ्यांत पुढे, लालेलाल! "फेटा मातीत घातला! पुन्हा कॅरीबॅगच असंल!"

"कॅरीबॅग नाही!" आवाज फुटला तो असा फुटला, की ती स्वतःच दचकली. "यश्या, तो टायर!"

यशराजने वजनकाट्याजवळ पडलेला जुना टायर उभा केला, लोटत नव्या फाटकापाशी नेला आणि सोडून दिला. उतारावरून ओल्या मुरमात तो गरगरत गेला, लोळलेल्या तारेवरून उडाला आणि पलीकडे धुळीत आडवा पडला.

काही झालं नाही.

बाळासोकाका हसले. "बघा! पडला की झ्याक! म्हणं खड्डा—"

करर्र. टायरखालची जमीन तडकली. टायर हळूच कलला, काळं काहीतरी त्याच्या कडेवरून आत शिरलं आणि... गुळुक्.

हलगीवाल्याचा हातसुद्धा थांबला. तो आंबट-गोड वास मंडपापर्यंत पसरला.

क्रांतीताई त्या काळ्या भोकाकडे बघत राहिली. "मी फाटकापर्यंत ब्रेकला पायच लावणार नव्हते," ती म्हणाली. मग तिने भैरवीला असं कवटाळलं, की पट्ट्यापेक्षा जास्त दुखलं.

जोतीराममामा अर्णवसोबत धापा टाकत पोचले. त्यांनी कोन पाहिले, रिकामे चौकोन पाहिले. "बाळासो, आरं माझी पोरगी होती त्या गाडीत," एवढंच ते म्हणाले. काकांनी मान खाली घातली.

तेव्हा नृसिंह वस्ताद पुढे आले. पांढऱ्या मिशा, फुटलेले कान, जुने नावाजलेले पैलवान ते! त्यांनी भैरवीला विचारलं, "कोन कुठं हुतं, बाळ?"

तिने फक्कीचे चौकोन दाखवले.

"मग तिथंच ऱ्हातील. माझ्यासाठनं कोन हलवायचं न्हाईत, बाळासो. सोफा हलवायचा!" आणि त्यांनी एकट्याने सोफा उचलून खांद्यावर घेतला. सगळं मैदान आ वासून बघत राहिलं. वजनकाट्यासमोर, ऐन उन्हात, तो सोफा मांडून ते बसलेसुद्धा. खड्ड्यापुढे टँकर आडवा लागला आणि ताईला पुन्हा फेरी मिळाली.

या वेळी तिने चक्क तीन कोन उडवले आणि एक वळण तर विसरूनच गेली! पण फाटक ओलांडून गाडी डौलात थांबली, तेव्हा तिचा हात भैरवीने मुद्दाम धरून पाहिला. गरम होता.

"शेवटून पहिली आली आमची ताई!" अर्णव नाचत सुटला.

बक्षिसं झाली. वस्तादांनी तो मातीने माखलेला लाल फेटा मागून घेतला, झटकला आणि बाळासोकाकांच्या हातात दिला. "बांध तिला. तूच बांध."

काकांनी भैरवीच्या डोक्याला फेटा बांधला. नीट, घट्ट, तुरा काढून. मग कमरेला खोचलेलं लाल निशाण काढून तिच्या हातात ठेवलं.

"पुढच्या वर्षीबी शेवटच्या वळणावर तूच," ते खाली बघतच म्हणाले. "आन् कॅरीबॅग दिसली तरी वर कर, पोरी. थांबू आमी."