विदर्नफेनचा पत्रा

शनिवारी सकाळी रंगारी आला, पण रंगवायचा पत्राच जागेवर नव्हता.

विदर्नफेनच्या जुन्या धावपट्टीच्या टोकाला दगडी स्मारक आहे. महायुद्धात इथून उडालेलं एक बॉम्बफेकी विमान परतताना शेजारच्या पाणथळीत कोसळलं आणि त्यातली सातही पोरं गेली. त्या विमानाच्या इंजिनावरचा पत्रा गावच्या स्मारक मंडळानं गाळातून काढून चार बोल्टांवर दगडाला बसवला होता. उद्या रविवारी स्मरणाचा कार्यक्रम होता, आणि दगड उघडाबोडका.

"भंगारवाले, दुसरं कोण," मंडळाचे अध्यक्ष सेसिल ब्रॅकनबरी म्हणाले. "पोलिसांना सवड नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं, पेलबाई. वर्तमानपत्रालाही कळवलंय."

"चोराच्या आधी छायाचित्रकार येणार म्हणायचा," रोवीना पेल म्हणाली. खासगी तपासाचा तिचा धंदा होता आणि जीभ धारदार होती. तिचा मावसभाऊ लायनेल गाडी चालवायचा आणि मिळेल त्याच्यावर संशय घ्यायचा.

"थट्टा नको. उद्या आयव्ही क्रॅन येणार आहे. त्याच विमानाची मेकॅनिक होती ती. त्या विमानाला ओळखणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलं नाही. पुढच्या वर्षी प्रवास झेपणार नाही असं तिनंच कळवलंय. तिनं काय त्या रिकाम्या दगडावर हात ठेवायचा?"

रोवीना दगडाशी वाकली. चारही बोल्ट शाबूत होते. प्रत्येकावर वॉशर होता आणि त्यावर नट नीट फिरवून बसवलेला.

"सभ्य चोर दिसतोय," लायनेल म्हणाला.

"पत्रा रंगवायचा का होता?" रोवीनानं विचारलं.

"मंडळाचा ठराव आहे. दोन्ही बाजू वाळूच्या माऱ्यानं घासायच्या, काळा चकचकीत रंग द्यायचा, मग दगडाला कायमचा चिकटवायचा. आयव्ही दरवर्षी कडेच्या मागे बोटं घालून उभी राहते. एखाद्या वर्षी हात कापून घेईल." बोलताना सेसिल कार्यक्रमासाठी मांडलेल्या एका खुर्चीचा सैल स्क्रू नाण्यानं आवळत होते. स्क्रू निघून त्यांच्याच बुटावर पडला.

"ठरावाला कुणाचा विरोध?"

"इयन मॉगचा, पण त्याचा कशालाही असतो. आणि शेतवाला ॲल्फ स्केल्टन, त्याला तर स्मारकच नकोय."

ॲल्फ बांधावर गुडघे टेकून गवत चाचपत होता. शेजारी एक चाक निखळलेली ट्रॉली कलंडली होती.

"नट शोधतोय," तो गुरकावला. "कालपासून पान्हाही सापडत नाही. विचारा काय ते."

"स्मारक नको म्हणता?"

"गाड्या लावून माझी बार्ली तुडवतात, ती नको म्हणतो. त्या सात पोरांना माझ्या बापानं पाण्यातून बाहेर काढलं, बाई. आमच्या घरात त्यांचं नाव उभं राहून घेतात. मी पत्रा चोरीन?" त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा गवतात हात घातला.

"कठीण माणूस," परतताना लायनेल कुजबुजला. "हाच असेल."

जुन्या नियंत्रण मनोऱ्याच्या तळाशी इयनची शेड होती. इयन हवाई दलातून निवृत्त झालेला मेकॅनिक. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती आणि प्रत्येक आकृतीवर तिचं हत्यार.

"किल्ली कुणाकडे असते?" रोवीनानं विचारलं.

"कुंडीखाली. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

लायनेलनं एक पान्हा उचलून पाहिला आणि बाकावर टाकला. इयननं बोलता बोलता तो परत फळीवर लटकवला. लायनेल चहाचा कप कोपऱ्यातल्या घोंगडीवर ठेवायला गेला, तर इयननं कपच काढून घेतला.

"तिथं नको. घोंगडीखाली लाकडी चौकट आहे, आम्ही पाळणा म्हणतो. गाळातून काढल्यावर पत्रा वर्षभर त्यातच होता. तिथंच पुढची बाजू साफ केली, मागचा गाळ तसाच राहिला."

"तुमचा रंगाला विरोध का?" रोवीनानं विचारलं.

"पूर्वी इथं म्हणायचे, विमान जमिनीवरच्या मेकॅनिकचं. वैमानिक ते रात्रीपुरतं उसनं नेतो. दुसऱ्याच्या वस्तूला आपण रंग फासायचा नसतो."

दुपारी रोवीनानं सेसिल, ॲल्फ आणि इयनला शेडमध्येच चहाला बसवलं. तिनं मनुका घातलेल्या प्लम ब्रेडचा तुकडा तोडला.

"भंगारवाला बोल्ट कापून पळाला असता. ह्यानं नट सोडले आणि पत्रा निघाल्यावर पुन्हा वॉशरसकट बसवले. का? हरवू नयेत म्हणून. ही ज्याच्या हातात मुरलेली सवय आहे, असा माणूस शोधायचा होता. ॲल्फ स्वतःचाच नट गवतात शोधतोय. सेसिल, तुम्ही स्क्रू आवळायला गेलात आणि काढून बसलात."

सेसिल खोकले. "मग?"

"मग ज्याला बाकावर पडलेला पान्हा बघवत नाही, तो. असा माणूस पत्रा खड्ड्यात टाकील? तो त्याला जागेवरच ठेवणार. दगडाआधीची त्याची जागा कुठली? लायनेल, ज्यावर तुला कप ठेवू दिला नाही, ती घोंगडी काढ बघू."

घोंगडीखाली पाळण्यात पत्रा होता, दर्शनी बाजू वर करून. लायनेलनं नुसता आ वासला.

"उद्या सकाळी लावणारच होतो," इयन म्हणाला. "रंगारी टळावा एवढंच मनात होतं. पण खाली काढल्यावर मागचा वाळलेला गाळ सुटला आणि ती बाजू दिसली..."

"काय आहे मागे?" सेसिल पुढे सरसावले.

रोवीना आडवी आली. "उद्या. बोटं कडेच्या मागे कोण घालतं, तुम्हीच सांगितलंत. पहिला मान तिचा. तोवर वर्तमानपत्राला धीर धरू द्या."

सेसिल खाली बसले.

रविवारी ॲल्फनं स्वतःच्या शेताचं फाटक उघडून गाड्या आत घेतल्या. आयव्ही काठी टेकत दगडापर्यंत आली. ऐंशी ओलांडलेली, टोपीवर हवाई दलाचा बिल्ला. इयन पत्रा धरून उभा होता. तिनं हात ठेवला, बोटांनी मागची कड शोधली आणि थांबली.

"उलटा करा," ती म्हणाली.

मागे ब्रशनं काढलेली पांढरी अक्षरं होती, गाळानं पिवळटलेली: उसनं दिलंय. परत आणा. आयव्ही.

सेसिलनी टोपी काढली.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," इयन म्हणाला.

"विमानावर लिहायला बंदी होती. सार्जंटनं सोलून काढलं असतं मला." ती हसली, मग ताठ उभी राहिली. "आणि पोरांनी ऐकलं होतं माझं. दोन इंजिनं बंद पडलेली, तरी समुद्र ओलांडून इथवर आणलं. त्या पाणथळीवरून त्यांना धावपट्टी दिसली असणार. असं विमान माझं होतं, आणि अशी माणसं."

"रंगाचा ठराव रद्द," सेसिल म्हणाले. ॲल्फ सगळ्यांत आधी "हो" म्हणाला.

इयननं पत्रा बोल्टांवर चढवला आणि नट आवळत आणले. शेवटच्या नटापाशी आयव्हीनं हात पुढे केला. त्यानं पान्हा तिच्या हातात दिला. तिनं काठी लायनेलकडे सोपवली, दोन्ही हातांनी नट आवळला आणि पत्रा हलवून पाहिला.

"पक्का बसलाय," ती म्हणाली. "आता कुणाला उसना द्यायचा नाही."