पेडलवरचा पाय

हे सगळं माझ्यासमोर घडलं आहे. कोणाच्या मावशीच्या दिराने सांगितलेली ही ऐकीव गोष्ट नाही.

मी रॉस. आयडाहोच्या डोंगरात, टॉलिव्हर घाटाच्या माथ्यावर आमचं घर आहे. मी लाकडाच्या गिरणीत कामाला जातो. भुताखेतांचं नाव काढलं की हसणाऱ्यांपैकी मी होतो. आता नाही हसत.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार होता. बर्फ पडायला नुकती सुरुवात झाली होती.

आमच्याकडे बाबांचा जुना फोर्ड पिकअप आहे. माझ्या जन्माच्या आधीचा. त्याला पुढेही जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. ते पाण्यात भिजले किंवा घाटात तापले की लागतीलच याची खात्री नसायची. तरी बाबांनी आयुष्यभर तो चालवला. पण वसंतात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या पायातला जोर गेला.

"आता गाडी बंद करा बाबा. मी सोडत जाईन तुम्हाला," मी म्हणालो.

"तू गिरणीत असतोस तेव्हा तुझ्या आईला कोण भरवणार? तुझा फोरमन?"



माझी आई, इर्मा, घाटाच्या पायथ्याशी, लॅटिमर गावातल्या वृद्धाश्रमात आहे. ती आता कोणालाच ओळखत नाही. पण संध्याकाळचं जेवण ती फक्त बाबांच्या हातून खाते. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की तोंड मिटून घेते. बाबा गेले नाहीत, तर त्या रात्री आई उपाशी.

म्हणून मी ठरवलं, गाडी थांबवता येत नाही ना, मग ब्रेकच बदलू. जरा पाय टेकवला तरी लागतील असे.

भंगारवाल्या गसकडे एक पुढचा ॲक्सल मिळाला. नंतरच्या सालातला, डिस्क ब्रेकचा. तो ज्या गाडीचा होता तिचा सांगाडा चेपून गेला होता, पण ॲक्सल सरळ होता. मी तो घासून पुसून घेतला. डिस्क, पॅड, रबरी नळ्या सगळं नवीन टाकलं. पेडलचा जोर वाढवणारा बूस्टरही बसवला. शनिवारी दुपारपर्यंत ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांखाली चढला.

उरलं होतं फक्त ब्रेकमधली हवा काढणं.

हे काम दोघांचं. एकजण सीटवर बसून पेडल मारतो, दुसरा गाडीखाली चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, सैल करतो. आमच्याकडे याची ठरलेली बोली आहे. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबून ओरडतो, "धरलंय." मग निपल उघडायचं, हवा आणि ऑइल बाहेर येतं, निपल बंद करायचं. आणि खालचा "सोड" म्हणेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा पुन्हा आत जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

बाबांनीच मला हे शिकवलं होतं. लहानपणी मी एकदा आधीच पाय उचलला, तेव्हा त्यांनी खालून पाना भिरकावला होता.

बाबा सीटवर चढले. मी खाली सरकलो.

"दाब."

"धरलंय."

"सोड."

मागची चाकं झाली. मी पुढे आलो, नव्या ॲक्सलकडे.

"दाब."

जरा वेळ काहीच नाही...

मग आवाज आला. "धरलंय."

आवाज बसका वाटला. म्हटलं, थंडी आहे.

निपल सैल केलं आणि ऑइल असं जोरात उडालं की माझ्या गालावर आलं. मला आनंदच झाला. बाबांचा पाय सुधारतोय!

"वा बाबा! घोड्याची लाथ आहे की!"

निपल बंद करून मी "सोड" म्हणालो.

शेवटचं चाक राहिलं.

"दाब."

"धरलंय."

निपल उघडलं. ऑइल आलं. हवेचा एक बुडबुडा नाही. निपल घट्ट केलं. आता "सोड" म्हणणार...

इतक्यात माझ्या डोक्याशेजारी, चाकाबाहेर, दोन बूट येऊन थांबले.

बाबांचे बूट.

"काय रे, संपलं का? मी जरा घरात जाऊन आलो. हे म्हातारपण, दर घटकेला मोरीकडे पळावं लागतं."



"बाबा... तुम्ही कधी उतरलात?"

"मागची चाकं झाली तेव्हाच. तुला सांगून गेलो की. ऐकू येत नाही का?"

मी फरपटत बाहेर आलो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडंच होतं.

सीट रिकामी होती.

पेडल मात्र तळाला टेकलेलं होतं.

कोणी दाबून धरावं तसं. मी हाताने ते वर ओढून पाहिलं. तसूभर हललं नाही.  आणि मग, सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं.

"सोड."

पेडल हळूच वर आलं.

मी गाडीचं दार लावलं. बाबांना हाताला धरून घरात नेलं. दोघांनीही कॉफी ओतली आणि कोणीच प्यायलं नाही.

"बूस्टर चिकटला असेल," बाबा म्हणाले.

"आणि 'धरलंय' कोण म्हणालं? बूस्टर?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. आईच्या जेवणाची वेळ होत आली होती.

"माझी गाडी घेऊन जाऊ," मी म्हणालो.

"तुझ्या गाडीचं मागचं टायर बसलंय. सकाळी तूच म्हणालास."

मी हात जोडले, ओरडलो, किल्ली लपवायचाही प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे टोपी घातली.

"रॉस, तुझी आई तोंड मिटून बसेल. यायचं तर ये, नाहीतर बाजूला हो."

मी चालवतो म्हणालो, तर म्हणाले, अजून मेलो नाही मी. शेवटी मी शेजारी बसलो. दुसरं करणार तरी काय होतो?

घाटाची वरची वळणं नीट गेली. बाबा नुसता पाय टेकवत होते आणि गाडी लोण्यासारखी थांबत होती. मी जरा सैल झालो.

खडकाच्या वळणावर गाडी एकदम थांबली.

हिसक्याने इंजिन बंद पडलं. माझं कपाळ काचेवर आपटलं.

"बाबा, पाय काढा!"

"पाय इथे आहे!" त्यांचा आवाज चिरकला.

खरंच त्यांचा बूट बाजूला, चटईवर होता. आणि पेडल तळाला.

बाबांनी गिअर न्यूट्रलला आणला, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हत राहिलं. आंधळं वळण, अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

आणि मागून... वरच्या वळणावरून... ओंडक्यांच्या ट्रकचा भोंगा.

तो ट्रक भरलेला असला की थांबत नाही. मी गिरणीतला माणूस आहे, मला माहीत आहे.

"बाबा, उतरा! उडी मारा!"

"या पायाने?"

भोंगा जवळ आला. मला बाबांना उचलून बाहेर काढायला वेळ नव्हता. एकच शब्द सुचला.

"सोड!"

पेडल वर आलं.

गाडी उताराला लागली. आधी हळू, मग भरभर. बाबांनी पेडलवर पाय टाकला, तो घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. ते स्वतःच्या मांडीवर बुक्के मारायला लागले. माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

पुढचं वळण समोर आलं. त्याच्यापुढे रस्ता नव्हता, नुसतं आभाळ दिसत होतं.

"दाब!" मी किंचाळलो. "दाब, दाब!"

काहीच नाही...

मग आमच्या दोघांच्या मधून, अगदी कानाशी, तोच बसका आवाज.

"धरलंय."

गाडी वळणाच्या आत, मोकळ्या जागेत थांबली. ट्रक भोंगा वाजवत शेजारून निघून गेला.

 मी हळूच "सोड" म्हणालो, बाबांनी किल्ली फिरवली आणि या वेळी इंजिन लागलं.

"उशीर झाला. इर्माचं सूप गार होईल."

त्या संध्याकाळी वृद्धाश्रमाच्या दारातूनच मी गसला फोन केला. ॲक्सल कुठल्या गाडीचा, विचारलं. तो आढेवेढे घेत राहिला.

"लीलँड नावाचा माणूस होता. सरपण भरून टॉलिव्हर घाट उतरत होता," शेवटी तो म्हणाला. "ब्रेक तापून गेले. खडकाच्या वळणाच्या खाली दरीत सापडला. पाय पेडलवरच होता रे, तळाला टेकलेला. बिचारा शेवटपर्यंत दाबतच होता."

मी दुसऱ्याच दिवशी ॲक्सल उतरवायला निघालो. जॅक लावला, टेकूच्या घोड्या लावल्या. बाबा काठी टेकत आले आणि गाडीसमोर बर्फातच बसले.

"हा काढलास, तर मला तुझ्या आईकडे कोण नेणार?"

"बाबा, तो मेलेला माणूस आहे!"

"माझा पायही मेलेलाच आहे. दोघं मिळून एक होतो आम्ही."

पास्टरना बोलावलं. त्यांनी गाडीवर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना माझ्याकडे न बघता गेले. आईला वर घरी आणायचं म्हटलं, तर डॉक्टर नाही म्हणाले. गिरणी सोडायची, तर घर कसं चालायचं? सगळीकडून हात बांधलेले.

तेव्हापासून बाबा रोज एकटेच जातात. मला शेजारी बसू देत नाहीत. म्हणतात, तिघांची दाटी होते.

हिवाळाभर त्यांच्या पायातली उरलीसुरली ताकदही गेली. आता ते तो पाय हाताने उचलून गाडीत ठेवतात. पेडलला लावतसुद्धा नाहीत. काच खाली करून निघतात आणि मी घरी असलो की पहिल्या वळणापाशी त्यांचा आवाज मला अंगणात ऐकू येतो.

"लीलँड, दाब... हां. सोड."

ज्या माणसाला स्वतःची गाडी थांबवता आली नाही, त्याच्या पायावर माझे बाबा रोज तो घाट उतरतात.

काल निघताना बाबा टोपी नीट करत म्हणाले, "हल्ली लीलँड जरा उशिरा बोलतो रे."

"म्हणजे?"

"म्हणजे, मी दाब म्हणतो, आणि मग थांबावं लागतं. थकला असेल. कोणीही थकेल."

मी दार धरून उभा राहिलो. जाऊ नका म्हणालो. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

गाडी पहिल्या वळणाकडे गेली. बाबांची हाक ऐकू आली.

"दाब."

मागचे ब्रेकचे लाल दिवे लागले नाहीत...

"लीलँड, दाब!"

मी धावत सुटलो. तिथे पोचून काय करणार होतो, देव जाणे.

अगदी कठड्यापाशी दिवे लागले.

बाबांनी काचेतून हात बाहेर काढून मला परत जायची खूण केली आणि गाडी वळणाआड गेली. रात्री ते सुखरूप परत आले. आई सगळं सूप प्यायली म्हणाले, आणि झोपायला गेले.

आज संध्याकाळी आई पुन्हा त्यांचीच वाट बघेल.