मागच्या सीटची खुळखुळ

दिवा चालूच राहू दे रे. मला बोलायला अंधार लागत नाही. आणि मी काही रचून सांगत नाहीये. हे माझ्या साडूभाऊंच्या बाबतीत घडलंय, आणि त्याचं शेपूट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. साडूभाऊ म्हणजे तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बाजारात त्यांचं दुकान आहे. कमी ऐकू येणाऱ्या लोकांचे कान तपासून मशीन बसवून देतात.

मागच्या नोव्हेंबरातला तिसरा मंगळवार. रात्री सव्वानऊला दुकानाचं शटर ओढून ते निघाले. एका म्हाताऱ्या बाईंचं दुरुस्त झालेलं मशीन पोचवायचं होतं. बाई एकट्या राहायच्या, पाण्याच्या टाकीपलीकडच्या वस्तीत. मशीन नसलं की दाराची बेलसुद्धा ऐकू यायची नाही, म्हणून साडूभाऊंनी काम उद्यावर ढकललं नाही. रस्ता पायाखालचा. पण माणूस निघतानाच वैतागलेला होता, आणि त्याचं कारण ती गाडी.

गाडी जुनीच घेतलेली, पण दिसायला अशी की नवी वाटावी. इंजिन लोण्यासारखं. फक्त एक खोड. एकटे चालवत असले की मागून आवाज यायचा. खुळ... खुळखुळ. डबीत सुपारी हलवावी तसा. मध्येच थांबायचा, आता गेला म्हणून जरा टेकावं तर पुन्हा, खुळखुळ.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अरे, त्या माणसाचा जन्म बारीक आवाज ऐकण्यात गेला. घरातला नळ ठिबकला तरी झोप उडते त्यांची. पहिल्या आठवड्यात डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाना, सगळं घरात आणून ठेवलं. आवाज आहेच. मिस्त्रीकडे नेली. त्याने मागचे शॉकअप बदलले, दारांची पॅडं उघडून आत फोम भरला, सायलेन्सर आवळला. स्वतः चालवून पाहिली, साडूभाऊंना मागे बसवलं. आवाज बंद!

"झालं साहेब," मिस्त्री म्हणाला, "आता पाळण्यात झोपल्यासारखं वाटेल."

गॅरेजच्या फाटकातून एकटे बाहेर पडले, आणि... खुळखुळ.

मागे वळले. पुन्हा मिस्त्री मागे बसला. बंद. असं तीनदा झाल्यावर मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली जो शिरला तो बाहेर येईना.

मग माझी वरात काढली. रविवारी सकाळी मला मागे बसवून गावभर फिरवलं, खड्डा सापडेल तिथून नेलं. माझी कंबर बोलली, पण गाडी काही बोलली नाही. "साडूभाऊ," मी म्हटलं, "माणसाच्या वजनाने काहीतरी दबत असेल." त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवलं. आवाज आला. दुसरं ठेवलं. तरी आला. वजनाचा काही संबंध नव्हता. मागे जितंजागतं माणूस बसलं, तरच तो गप्प राहायचा.

घरी तर रोज खडाजंगी. बायको म्हणायची, "अहो, खुळखुळ कसली, ते तुमचं खूळ आहे! आधी स्वतःचे कान तपासून घ्या." हे फार लागलं त्यांना. खरंच दुकानात बसून स्वतःचे कान तपासले. दोन्ही ठणठणीत. दोष निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला म्हणाले. कारण तोवर बाजारात कुजबूज सुरू झाली होती, की कानवाल्यालाच भलतंसलतं ऐकू येतंय. गिऱ्हाईक दुकानात यायचं, त्यांच्याकडे जरा विचित्र बघायचं, आणि 'नंतर येतो' म्हणून सटकायचं. त्या मंगळवारी सकाळी तर चहाचा कप आपटून बायकोवर ओरडले होते. ती दिवसभर बोलली नव्हती.

असो. तर त्या रात्री दारातच वाट बघत बसलेल्या बाईंना मशीन दिलं, त्यांच्या कानात नीट बसवून दिलं आणि परत निघाले. जाताना आवाज होताच. येताना वाढला. टाकीपाशी रस्ता गुळगुळीत आहे, नवीन डांबर. तिथे आवाज यायचं काही कारण नाही. पण तिथेच तो असा सुरू झाला, की साडूभाऊंनी कचकन ब्रेक मारला. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

खुळखुळ.

त्यांनी डोकं वर केलं.

गाडी उभी. इंजिन बंद. वारा नाही.

खुळ... खुळखुळ.

भीती नंतर वाटली, असं ते सांगतात. आधी आला तो संताप. तीन महिन्यांचा. दार उघडून उतरले, मागचं दार खस्सकन उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला. सीट रिकामी. पोती तर कधीच काढलेली. खाली काही नाही. हात घालून सीटच्या फटी चाचपल्या. काही नाही. आणि हात आत असतानाच... अगदी कानाजवळ... खुळखुळ.

तेव्हा त्यांचा तोल गेला. रिकाम्या सीटवर ओरडले, "अरे, काय छळ मांडलायस माझा? मागे बसून काय कटकट करतोस? काय असेल ते पुढे येऊन सांग ना!"

आवाज थांबला.

एकदम. तोंडावर हात ठेवावा तसा.

साडूभाऊ तसेच वाकून उभे. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. एखादं मिनिट गेलं असेल. मग हळूच दार लावलं. पुढे येऊन बसले. किल्ली फिरवली. निघाले.

शांत. काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडी शांत. म्हणाले, हसूच आलं मला. एवढ्यासाठी मिस्त्रीचे उंबरे झिजवले! आता घरी जायचं, आणि बायकोची माफी मागायची...

आणि गाडी डावीकडे कलली.

जराशीच. शेजारी कोणी जड माणूस येऊन बसल्यावर कलते ना... तेवढीच.

मग समोर लाल दिवा लागला. टिंग. टिंग. टिंग.

पट्ट्याचा दिवा. शेजारच्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावला नाही, म्हणून लागतो तो.

साडूभाऊंनी शेजारी पाहिलं नाही. रस्त्यावरची नजर हलवली नाही.

टिंग. टिंग.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. थांबायची हिंमत नव्हती. घर लांब. आणि तो आवाज... वाढत चाललेला. शेवटी समोर बघतच, चाचपडत, डावा हात लांब केला. पट्टा ओढला. अडकवला.

खट्.

दिवा विझला. सगळं शांत.

घरापर्यंत... शांत.

ती खुळखुळ पुन्हा कधी आली नाही. बायकोची माफी मागितली, तिने माफही केलं. पण त्या रात्री ताप भरला, तो चार दिवस उतरला नाही. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुम्ही थकला होतात. वायरीत बिघाड असतो, दिवे असेच लागतात." त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी खाली गेलो. त्या रात्रीपासून गाडीला कोणी हात लावला नव्हता. दुपारचं लख्ख ऊन. काचेतून आत डोकावलो. शेजारची सीट रिकामी होती. पट्टा तसाच अडकवलेला.

पण रिकाम्या सीटवर अडकवलेला पट्टा पाठीला चिकटून बसतो, बरोबर? एकदा बघा आपल्या गाडीत.

हा चिकटलेला नव्हता. सीटपासून हातभर पुढे होता. हवेत. गोलसर.

ताणलेला.