नमुन्याचा अर्ज

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला हसरं तोंड लागतं. माझं तसं नाही, म्हणून गेली एकवीस वर्षं मी टेबलाच्या मागे असते. पुढे उभं राहून ‘या, या’ करायला आमचे पाद्री आहेत. मागे याद्या, किल्ल्या, बिल्ले आणि मुलांपेक्षा जास्त घाबरलेले पालक सांभाळायला मी.

आमचं कॉलेज मिशनचं आणि लहान. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, संगीत, सगळं थोडं थोडं शिकवतो. पोट कशावर भरायचं तेवढं शिकवत नाही, असं आमचे गणिताचे सर म्हणतात. दोन वसतिगृहं, एक वाचनालय, एक दगडी चॅपेल, आणि त्या सगळ्यांना जोडणारी विटांची पायवाट. यंदा सत्तावन्न नवे आले. त्यात माझी लेक होती.

तिच्याबद्दल आधी सांगते. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर ती बोलायचीच थांबली असं नाही, पण ‘हो’, ‘नको’, ‘जेवले’ यापुढे गाडी जात नसे. मैत्रिणी एकेक करून गळाल्या. तिने याच कॉलेजात यावं आणि घर दहा मिनिटांवर असलं तरी वसतिगृहात राहावं, हा हट्ट माझा. मला तिच्यासाठी पहिला नंबर नको होता, पदक नको होतं. एक मैत्रीण हवी होती. देवाकडे मी फार मागत नाही, पण हे रोज मागत होते.

आता चूक. मुली एकतीस होत्या आणि प्रत्येक खोलीत खाटा दोन. म्हणजे एक मुलगी एकटी उरणार. कोणाला एकटं ठेवायचं हे ठरवणारी मीच. दुसऱ्या कोणाच्या लेकीला एकटं टाकून माझीला चांगली सोबत दिली असती, तर स्टाफरूममध्ये महिनाभर चघळायला विषय झाला असता. म्हणून मी माझ्याच लेकीला एकटं ठेवलं. प्रामाणिकपणाचा मला भारी सोस. मग संगणक अडला. एक खाट रिकामी ठेवून यादी बंदच होईना. उद्या स्वागत, दुपारचे चार वाजलेले, संगणकवाला रजेवर. मी त्या खाटेवर नमुनाताईचं नाव टाकलं. यादी बंद झाली.

नमुनाताई म्हणजे आमचा नमुन्याचा अर्ज. अर्ज कसा भरायचा हे मुलांना कळावं म्हणून फलकावर एक भरलेला अर्ज लावतात. तो मी नोकरीच्या पहिल्या वर्षी भरला होता, निळ्या शाईने. खोटं नाव, खोटं गाव, सगळं खोटं. दरवर्षी त्याचीच प्रत लागते आणि संगणकातही तीच नोंद पडून असते. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा मोठ्याने वाचलं तेवढं पुरे.

ते असं वाचलं गेलं. स्वागताच्या सकाळी सगळे नवे चॅपेलमध्ये बसतात. माझ्या यादीवरून आमचा चॅपेलचा सेवक खुर्च्या मांडतो, एका माणसाला एक. मी नावं वाचते. प्रत्येक नावाला मागे बसलेली सगळी जुनी मंडळी एका सुरात म्हणतात, “ये, जागा आहे.” मग ते मूल उभं राहून ‘आलो’ किंवा ‘आले’ म्हणतं आणि बसतं. कॉलेज सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत.

यंदा माझ्या लेकीचं नाव आलं तेव्हा मला पुढचं काही दिसेना. दीडशे माणसं माझ्या पोरीला म्हणाली, “ये, जागा आहे.” ती इतकं हळू ‘आले’ म्हणाली की मला ओठांवरून कळलं. डोळे पुसायचे तर यादी खाली ठेवावी लागली असती, म्हणून तशीच पुढचं नाव वाचून मोकळी झाले.

“ये, जागा आहे,” सगळे म्हणाले.

“आले,” कोणीतरी म्हणालं. स्वच्छ, खुला आवाज.

तीन नावं पुढे गेल्यावर लक्षात आलं, ते नाव नमुनाताईचं होतं, आणि माझी जीभ अडखळली. कुठल्यातरी पोरीने थट्टा केली असेल, असं मी स्वतःला समजावलं. फलकावरचा अर्ज सगळ्यांनी वाचलेला असतोच. पण नावं संपल्यावर मी खुर्च्यांकडे पाहिलं. सेवकाने माझ्या यादीबरहुकूम अठ्ठावन्न मांडल्या होत्या. एकही रिकामी नव्हती.

त्या दिवशी कॉलेज दाखवायला मी स्वतः गेले. एरवी जात नाही. पायवाटेवरून रांग चालली होती. मी दर वळणावर डोकी मोजत होते. वाचनालयाशी सत्तावन्न, संगीताच्या खोलीशी अठ्ठावन्न, भोजनगृहाच्या दाराशी पुन्हा सत्तावन्न. पोरं एका जागी उभी राहत नाहीत, मोजणार कशी! आचारीणबाईंना विचारलं, ताटं किती लागली?

“अठ्ठावन्न. यादीत तितकीच आहेत ना?” त्या म्हणाल्या. “आणि बाई, त्या शेंगदाणे न चालणाऱ्या मुलीचं मी वेगळं काढलंय हो. तिने येऊन आठवण करून दिली, फार गोड बोलते.”

शेंगदाणे चालत नाहीत. अर्जातला आजारपणाचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून मीच ते लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी लेक कार्यालयात आली. दारातूनच बोलायला लागली.

“आई, माझी रूममेट ना, वेडी आहे अगदी. सकाळी उठल्या उठल्या गाते. डावखुरी आहे, त्यामुळे आम्ही एका टेबलावर बसलो की कोपरावर कोपर आपटतं. मग आम्ही जागा बदलल्या, तर आता दोघींची कोपरं भिंतीला!” ती हसली. दोन वर्षांनी मी तिचे दात पाहिले.

मला भीती वाटली, आणि त्याच क्षणी आनंदही झाला. दोन्ही खरं आहे. मला काय करावं कळेना म्हणून मी स्टेपलर उघडून त्यात पिना भरत बसले.

“कुठली आहे ती?” मी विचारलं.

तिने गाव सांगितलं. ते गाव नकाशात नाही. अर्जात आहे.

“तिला भेटव की एकदा.”

“ती म्हणते, आईला मी माहीत आहे.”

मी तिच्याबरोबर खोलीत गेले. दोन खाटा, दोन उशा. दुसऱ्या खाटेची चादर चारी कोपऱ्यांत घट्ट खोचलेली, मी घरी खोचते तशी. टेबलावर अर्धा पेला पाणी. खिडकी उघडी होती आणि खोलीत शाईचा वास होता, हल्ली कोणी वापरत नाही त्या दौतीतल्या शाईचा.

“आत्ता इथेच होती,” लेक म्हणाली. जिन्यात कोणीतरी गुणगुणत खाली उतरत होतं. मी धावत गेले. जिना रिकामा होता. खाली रेक्टरबाई किल्ल्या पुशीत बसल्या होत्या.

“इथून कोण गेलं?”

“तुमची मुलगी.”

“माझी मुलगी वर आहे.”

रेक्टरबाई गोंधळल्या. “मग तिची ती जोडीदारीण असेल. पण काय सारखेपणा हो! चालणं, मान वळवणं… मला वाटलं, थोरली तुमच्या वळणावर गेली.”

“मला एकच आहे.”

“हो ना,” त्या म्हणाल्या. “तेच म्हणते मी.” आणि पुन्हा किल्ल्या पुसू लागल्या.

कार्यालयात येऊन मी फलकावरचा अर्ज काढला आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा नीट वाचला. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडा म्हणून सांगितलं होतं. अशा एका रिकाम्या दुपारी मला सांगितलं गेलं, एक मुलगी कल्पा आणि अर्ज भरा. दहा मिनिटांचं काम मी चार तास करत बसले. तिला गाणं दिलं. डावखुरी केली, कारण माझी आई डावखुरी होती. ‘इथे का यायचं आहे?’ याखाली लिहिलं, ‘मला आपल्या माणसांत राहायचं आहे.’ पालकाच्या रकान्यात कोणाचं नाव लिहावं सुचेना, म्हणून माझं लिहिलं. नातं, आई. पत्ता, घरचा. तीन वर्षांनी डॉक्टरांना खोटं पाडून माझी लेक झाली आणि मी त्या दुपारचं सारं विसरून गेले.

शनिवारभर मी घालमेलीत होते. काढून टाकावं, तर माझी पोर पुन्हा मुकी होईल. राहू द्यावं, तर काय राहू देतेय तेच मला माहीत नाही. भोजनगृहाच्या खिडकीतून मी लेकीला पाहिलं. शेजारच्या खुर्चीकडे वळून ती भरभर बोलत होती, पोट धरून हसत होती. त्या खुर्चीसमोर एक खांब येत होता. मी चार पावलं डावीकडे सरले. खुर्चीसमोर आता आचारीणबाई उभ्या होत्या. त्या हलल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि लेक ताट घेऊन उठली होती. तिच्या हातात दोन ताटं होती.

मी भ्याले. सरळ कार्यालयात गेले, संगणकातली नोंद पुसली, अर्ज आणि त्याच्या सगळ्या प्रती फाडून टाकल्या. खाट काढून न्यायला सेवकाला सांगितलं. शेवटचा कपटा टोपलीत टाकताना मी चक्क ‘माफ कर’ म्हणाले. कोणाला, ते माझं मला माहीत.

रविवारी चॅपेलमध्ये सत्तावन्न खुर्च्या होत्या. लेक आपल्या जागी बसली होती, मान खाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. उपासनेनंतर सगळे नवे घरी पत्र लिहितात, हीही आमची जुनी पद्धत. पत्रं बंद पाकिटात जातात. घर दहा मिनिटांवर असलं तरी पत्र टपालानेच येतं.

ते मंगळवारी सकाळी आलं. मी चपला घालतच फोडलं.

‘आई, खोली आता फार मोठी वाटते. तू असं का केलंस? ती रडली नाही. ती म्हणाली, आईवर रागावू नको, आई घाबरते. ती गेली नाहीये. तिला झोपायला खाट नाही म्हणून आम्ही एकाच खाटेवर झोपतो. जागा कमी पडते. रोज थोडी थोडी कमी पडते. ती म्हणते, दोघींपैकी एकीने’

इथे वाक्य तुटलं होतं. त्याखाली अक्षर बदललं होतं. निळी शाई, डावीकडे झुकलेले काने, जोडाक्षरांच्या लांब शेपट्या. एकोणतीस वर्षांच्या माझ्या हातचं अक्षर.

‘आई, काळजी करू नकोस. मी थोरली आहे, समजून घेईन. एकवीस वर्षं जागा माझीच होती, ती धाकटीला वापरू दिली.’

मी पळत सुटले. पन्नाशीच्या बाईने कसं पळावं याचा विचार केला नाही. विटांच्या पायवाटेवर मुलं बाजूला होत होती.

जिना चढले. दार लोटलं.

एक खाट. एक उशी. टेबलाशी पाठमोरी एक मुलगी लिहीत बसलेली.

मी हाक मारली. माझ्या लेकीच्या नावाने.

तिने वळून पाहिलं. तेच डोळे, हनुवटीवरचा तोच लहानपणीचा व्रण. मी दाराला धरून उभी राहिले आणि रडू लागले.

“अगं, रडतेस काय?” ती हसली आणि खाटेच्या कडेवरची वही उचलून बाजूला केली. “ये आई, जागा आहे.”

पेन तिच्या डाव्या हातात होतं.