फोनची तीट

पुण्याच्या विश्वकिरण प्रयोगशाळेतली सर्वांत महागडी वस्तू म्हणजे कणवेधी यंत्र, आणि ते प्रयोगशाळेत नव्हतंच. त्याच्यासाठी ओतलेला काँक्रीटचा चौथरा तेवढा होता आणि त्यावर लोक जेवणाचे डबे ठेवत. अनुदानाचा अर्ज दरवर्षी जाई आणि दरवर्षी सुखरूप परत येई. तिथली शास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी भिसे त्या चौथऱ्याकडे शक्यतो बघत नसे. बघितलं की तिचं डोकं फिरायचं.

यंत्र तिला हवं होतं ते हिरडेमाचीसाठी. सह्याद्रीच्या कण्यावर, पाखरडोंगराच्या पायाशी वसलेलं हे तिचं गाव. पावसाळ्यात तिथे छत्री वाळत नाही आणि फेब्रुवारी उजाडला की टँकर सुरू होतात. काळा कातळ थेंबभर पाणी धरत नाही, सगळं उड्या मारत कोकणात निघून जातं. घाट चढणाऱ्या टँकरांना सरकार कंटाळलं होतं. सबंध गाव उठवून खाली सपाटीवर वसवावं, अशी शिफारस भूजल समितीने केली होती. समितीचे अध्यक्ष डॉ. यशवंत कारखानीस हे भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि अत्यंत प्रामाणिक होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही पंचाईत. त्यांनी डोंगराभोवती विंधनविहिरी घेऊन पाहिल्या होत्या, सगळ्या कोरड्या. डोंगराच्या पोटात पाणी आहे असं दिवाळीपर्यंत दाखवा, मी शिफारस मागे घेतो, असं त्यांनी कस्तुरीला सांगितलं होतं. दाखवणार कशाने, हा प्रश्न होता.

त्याचं उत्तर घेऊन इम्तियाज मुजावर आला. हा तिच्या शाळेतला सोबती. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर होऊन तो एका बड्या फोन कंपनीत लागला होता. पुढे त्या कंपनीने फोनमधला टॉर्चसुद्धा मासिक वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, मग होकायंत्र, मग भिंग. स्वतःच्या फोनचा उजेड लोकांनी भाड्याने घ्यायचा, हे याला पटलं नाही. राजीनामा देऊन त्याने हिरडेमाचीत दुकान काढलं. फोनमध्ये आधीपासून असलेली, पण कंपनीने सांगितलेली नसलेली प्रत्येक सोय शोधायची आणि ती फुकट किंवा चहाच्या किमतीत गिऱ्हाइकाला द्यायची, हा त्याचा धंदा. त्यात तो बुडायला हवा होता, पण नुसत्या काचा आणि कव्हरं विकून तो तरला होता.

तुझं ते यंत्र करतं तरी काय, असं त्याने डबा उघडता उघडता विचारलं.

"अवकाशातून आलेले किरण हवेवर आपटतात, त्यांतून म्यूऑन तयार होतात," कस्तुरी म्हणाली. "मी त्यांना भेदककण म्हणते. आत्ता तुझ्या डोक्यातूनसुद्धा आरपार जातायत."

"जाऊ देत, अडायला आत काही नाही."

"दगडातून जाताना त्यांतले काही अडतात. दगड जितका जास्त, तितके जास्त अडतात. डोंगरात कुठे कमी दाट भाग असेल, पाणी असेल, तर त्या बाजूने जरा जास्त कण येतील. पायथ्याशी बसून मोजत राहायचं. डोंगराचा एक्स-रे निघतो."

इम्तियाजने आपला फोन उलटा करून टेबलावर ठेवला. कॅमेऱ्याच्या भिंगामागे प्रकाश टिपणारी पट्टी असते, तिच्यावर हे कण पडत नाहीत का, असं त्याने विचारलं. पडतात, पण उजेडापुढे त्यांचा पत्ता लागत नाही, असं ती म्हणाली आणि मध्येच थांबली. उजेड बंद केला, तर उरतील ते कणच. सरळ घुसलेला कण ठिपका उमटवेल, तिरपा घुसलेला रेघ ओढेल, आणि रेघेवरून दिशा कळेल.

"फोन कसा ठेवलाय ते फोनला कळतं," इम्तियाज म्हणाला. "कुठं ठेवलाय तेही कळतं. म्हणजे तुझं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे की."

"ती पट्टी नखापेक्षा लहान असते. एका फोनला हे चित्र काढायला दोनेक हजार वर्षं लागतील."

"गावात सहा हजार फोन आहेत."

त्याने महिन्याभरात 'कणमोजणी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटायला घेतला. जोडीला लागायचं ते फक्त एक काळं गोल स्टिकर, मागचा कॅमेरा झाकायला. आधी पुण्यात चाचणी झाली. कस्तुरीने निवडक, जाणत्या लोकांना गोळा केलं, विज्ञान समजावलं, सगळे भारावले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याचा फोटो काढायला सगळ्यांनी स्टिकर सोलून काढलं. आठवडाभरात चाचणी बारगळली. गावात याहून वेगळं काय होणार, म्हणून कस्तुरी हातपाय गाळून बसली.

पण जूनपासून हिरडेमाचीहून मोजणी येऊ लागली, ती थांबेचना. रात्री येई, दिवसा येई, भर पावसात येई. एकही फोन कॅमेरा उघडत नव्हता. हे कसं, ते बघायला ती गावी गेली आणि थेट दुकानात शिरली. तिथे एक म्हातारी इम्तियाजला सांगत होती, "पोरानं नवा फोन घेतलाय, सगळ्यांची नजर त्याच्यावरच. त्याला बी एक तीट दे बाबा."

कस्तुरीच्या सगळं लक्षात आलं. बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावतात तसा हा फोनला लावलेला काळा ठिपका. तीट एकदा लावली की आईशिवाय कुणी पुसत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध जिल्हाभर भाषणं ठोकणारी बाई ती, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारी जाईपर्यंत ती कशीबशी गप्प राहिली.

"मी एक अक्षर खोटं बोललो नाही," इम्तियाज म्हणाला. "तीट म्हणाले ते लोकच. मी नुसता गप्प बसलो."

"गप्प बसून फसवलंस. उद्या मी सगळं सांगणार आहे."

"सांग. पण निम्मे फोन गेले तर दिवाळीपर्यंत चित्र पुरं होणार नाही. गाव जाईल, कस्तुरी."

ती रात्रभर तळमळली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात गावाला गोळा करून तिने सगळं सांगितलं. दृष्ट वगैरे काही नसते, हे स्टिकर कशासाठी आहे, कण म्हणजे काय, डोंगरात काय शोधतोय, सगळं. ज्यांना काढायचं त्यांनी खुशाल काढावं, असंही सांगितलं. मग कालची म्हातारी उठली.

"म्हंजे हिच्यातनं डोंगराच्या पोटातलं दिसतंय?"

"हो, आजी."

"मग काढायची कशाला?"

एकानेही काढली नाही. मागचे कॅमेरे झाकलेले असल्यामुळे त्या वर्षीच्या सगळ्या लग्नांचे फोटो पुढच्या कॅमेऱ्याने निघाले. प्रत्येक फोटोत फोटो काढणाऱ्याचं भलंमोठं नाक आहे आणि मागे कुठेतरी नवरानवरी.

दिवाळीच्या तोंडावर चित्र पुरं झालं. कारखानिसांना प्रयोगशाळेत बोलावलं, इम्तियाज आलाच होता. पडद्यावर पाखरडोंगर करड्या रंगात उभा होता आणि त्याच्या पोटात, गावाच्या बरंच वर, एक लांबलचक पांढरा पट्टा आडवा पसरला होता. कारखानीस खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेले. ही लाव्हारसाची नळी, म्हणाले. रस वाहून गेला आणि भुयार मागे राहिलं. एवढी मोठी त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नव्हती.

"पाणी आहे ना आत?" इम्तियाजने विचारलं.

कस्तुरीने तो आकडा आदल्या दिवशीच काढला होता. चित्र जरा धूसर ठेवलं असतं तर पाणी म्हणून खपूनही गेलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "पाणी असतं तर काही कण अडले असते. इथे कुणीच अडत नाही. आत नुसती हवा आहे. भर पावसाळ्यातसुद्धा मोजणी तसूभर हलली नाही."

दुकान, घर, गाव, सगळं जाणार हे इम्तियाजच्या तोंडावर दिसत होतं. कस्तुरीला त्याच्याकडे बघवेना.

कारखानीस मात्र पडद्यापाशीच होते. पावसाळ्यात हलली नाही म्हणजे नक्की किती, असं त्यांनी विचारलं. अजिबातच नाही, असं तिने पुन्हा सांगितलं. मग ते वळले.

"डॉक्टर, अहो, डोक्यावर एवढा पाऊस कोसळला आणि आत थेंब उतरला नाही. म्हणजे नळीच्या छताला भेग नाही. उतरून खालून गेला असता, तर डोंगराला कुठे तरी झरा फुटला असता. एक झरा नाही, म्हणून तर मी गाव उठवायला निघालो होतो. तुमच्याकडे पाऊस कधीच कमी नव्हता, ठेवायला जागा नव्हती. मी वीस वर्षं पाणी शोधत फिरलो. तुम्ही हंडा शोधलात."

इम्तियाज हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला.

कारखानिसांनी शिफारस रोखून धरली, आणि समितीशी भांडून पैसेही आणले. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरून नळीत एक भोक पाडलं आणि माथ्यावरचे ओहोळ गाळून तिकडे वळवले. गावाच्या अंगाला खाली एक झडप बसवली. भरलं किती हे कळायला कुणाला डोंगर चढावा लागला नाही. पाणी चढेल तसे कण अडत होते आणि सहा हजार फोनांवरचा आकडा उतरत होता. पारावर, पिठाच्या गिरणीत, शाळेत, सगळीकडे तोच विषय. आकडा घसरला म्हणून पेढे वाटणारं गाव दुसरं नसेल.

पाऊस उघडल्यावर खरी परीक्षा होती. गळती असती तर आकडा पुन्हा चढला असता. कस्तुरी रोज सकाळी चहाआधी फोन बघे. आकडा हलला नाही. फेब्रुवारीत झडप उघडली तेव्हा पंपाची गरजच पडली नाही, पाणी डोंगरावरून आपल्या पायांनी गावात आलं. पहिल्या लोंढ्याने नळाखालच्या घागरी उलथून टाकल्या आणि बायका भिजत उभ्या राहून हसत होत्या. कारखानिसांनी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटमध्ये जाहीर केलं की हिरडेमाची जागची हलणार नाही.

गाव पाणी पिऊ लागलं तसा आकडा रोज थोडा थोडा चढू लागला. किती वापरलं आणि किती उरलं, हे आता ज्याला त्याला दिसत होतं, त्यामुळे कुणी नळ सोडून ठेवला की शेजारी ओरडत. मे सरला. आकडा भुयार रिकामं असतानाच्या खुणेपर्यंत पोचणार, अशी धास्ती सगळ्यांना होती. तो पोचला नाही. त्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा हिरडेमाचीत गेल्या वर्षीचं पाणी शिल्लक होतं.